वरच्या मजल्यावरचा ओंकार, आणि त्याच्या घरातले काका

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, सोबत पाठवलेली प्रकरणंही वाचली. प्रश्न साधारण असा, की सांगलीतली एक तीन मजली बिल्डिंग, तळमजल्यावर केतकी, तिची आई, आजी आणि धाकटा भाऊ चिन्मय. केतकी सहा वर्षांची असताना वडील गेले. वरच्या मजल्यावर ओंकार आणि त्याचे आईबाबा. बालवाडीपासूनची मैत्री, आता २०२३ साल, दोघांनाही अठरा पूर्ण, कॉलेजचं पहिलं वर्ष, आणि दोघं प्रेमात पडतात. ज्या तीन मैत्रिणींना वाचायला दिलंत त्यातली एक म्हणते प्रेम अचानक आल्यासारखं वाटतं, दुसरीने समासात नुसतं "ईईई, हे तर बहीणभाऊ" असं लिहून ठेवलंय, आणि तिसरी म्हणते घरच्यांचे सीन बोअर होतात, कापून टाक आणि रोमान्स वाढव. तर आता काय करू.

मी एकोणीस वर्षं कुमार आणि तरुण वाचकांसाठीची हस्तलिखितं एडिट करतेय, आणि मैत्रीतून प्रेम हा प्रकार माझ्याकडे इतका येतो की त्याची वेगळी फाईल आहे. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी तिसऱ्या मैत्रिणीचं बोलू. तिचं ऐकू नका. घरचे सीन कापलेत तर तुमच्या हातात दोन मुलं उरतील जी एकमेकांना आवडतात आणि शंभर पानं ते सांगत नाहीत, आणि का सांगत नाहीत ते वाचकाला कळणारच नाही. अनोळखी दोघं प्रेमात पडतात तेव्हा नाही जमलं तर आपापल्या रस्त्याने जातात, चार महिने वाईट वाटतं आणि संपलं. केतकीचं तसं आहे का? फिसकटलं तर ती कुठे जाणार, रोज त्याच जिन्यातून ये-जा करायचीय. काकूंच्या, म्हणजे ओंकारच्या आईच्या, हातची थालीपीठं गेली, गच्ची गेली, चिन्मयचा क्रिकेटचा पार्टनर गेला, आणि आजीला इंजेक्शनला घेऊन जाणारी स्कूटर गेली. ती बोलत नाही ती लाजाळू आहे म्हणून नाही, तिला हिशोब कळतो म्हणून. हा हिशोब वाचकाला दिसायला हवा, आणि तो घरातच दिसतो.

आणि काका. ओंकारच्या वडिलांना तुम्ही सगळ्या प्रकरणांत मिळून जेमतेम अर्धं पान दिलंय, पण त्या अर्ध्या पानात मला तुमची कादंबरी सापडली. त्यांनी केतकीला आमराईजवळ सायकल शिकवली आणि शाळेच्या फॉर्मवर एकदा "पालक" या रकान्यापुढे सही केली, एवढंच लिहून तुम्ही पुढे निघून गेलात. अहो थांबा की तिथे! वडील नसलेल्या मुलीच्या फॉर्मवर सही करणारा माणूस आहे तो. ती ओंकारच्या प्रेमात पडली आणि ते टिकलं, तर ह्या काकांचे सासरे होणार. आणि टिकलं नाही तर काकाच जाणार. दोन्हीकडून तिचा एक बाप कमी होतो, आणि तिने एक आधीच घालवलाय. हे एकदा लक्षात आलं की केतकी पानंच्या पानं गप्प का, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मग ओंकारकडे बघून तिला पोटात गोळा येतो तेव्हा त्यात नुसतं प्रेम राहत नाही, भीतीही येते, आणि अठराव्या वर्षी ह्या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता येतातच असं नाही.

हे मी नवीन काही सांगत नाहीये. शांताबाई शेळक्यांच्या 'चौघीजणी'मुळे आपल्याकडे ज्या पुस्तकावर दोन-तीन पिढ्या वाढल्या, ते लुईसा मे अल्कॉटचं 'लिटल विमेन' आठवा. शेजारच्या मोठ्या घरातला लॉरी, आईवडील नाहीत, आजोबांबरोबर राहतो. तो पहिल्यांदा कुणाच्या प्रेमात पडतो? शेजारच्या बहिणींतल्या जोच्या म्हणाल तर घाई होईल. तो खिडकीतून पलीकडच्या घरातला दिवा बघत असतो, टेबलाभोवती बसलेल्या चार बहिणी आणि त्यांची आई, आणि त्याला ते सगळं हवं असतं. घराच्या प्रेमात पडलाय तो. पहिला भाग १८६८ साली आला आणि मुलींची पत्रं सुरू झाली की जोचं लग्न लॉरीशी लावा. अल्कॉट वैतागली, डायरीत लिहून ठेवलं की कुणाला खूश करायला मी हे लग्न लावणार नाही, आणि १८६९च्या दुसऱ्या भागात जोने लॉरीला सरळ नकार दिला. दीडशे वर्षं झाली, वाचक अजून भांडतायत. पण लॉरी शेवटी जोच्या धाकट्या बहिणीशी, ॲमीशी लग्न करतो, म्हणजे त्या घरातच येतो, आणि मला तर वाटतं बाईंनी हे अगदी बरोबर ओळखलं होतं. मी स्वतः चौदाव्या वर्षी उशीत तोंड खुपसून रडले होते हे वाचून, आणि चाळिशीत पुन्हा वाचलं तेव्हा म्हटलं, जो, बरं केलंस बाई.

तर तुम्हाला केतकीबद्दल एक गोष्ट ठरवावी लागेल, की तिला ओंकार हवाय का वरचा मजला हवाय. दोन्ही असू शकतं. पण तिला स्वतःला हा प्रश्न कुठेतरी पडायला हवा, निदान एका रात्री तरी. आत्ता तुमच्या ड्राफ्टमध्ये तो कुणालाच पडत नाही.

आता "ईईई". ह्या मैत्रिणीला हसू नका, तिच्या म्हणण्यात दम आहे. एडवर्ड वेस्टरमार्क नावाच्या फिनलंडच्या अभ्यासकाने १८९१ मध्ये मांडलं होतं की अगदी लहानपणी एकत्र वाढलेल्या माणसांना पुढे एकमेकांबद्दल तसलं आकर्षण वाटत नाही. नंतर इस्रायलमधल्या किबुत्झ वसाहतींचा अभ्यास झाला, जिथे मुलं आईवडिलांकडे न वाढता गटाने एकत्र वाढायची. तिथल्या २७६९ लग्नांपैकी एकाच बालगटातल्या मुलामुलींची अवघी १४ निघाली, आणि पहिली सहा वर्षं सलग एकत्र काढलेल्यांचं एकही नाही. कोणी बंदी घातली नव्हती बरं का. ह्या सिद्धांतावर वादही भरपूर आहेत, पण वाचकाच्या पोटाला तो पटतो आणि तुमची गाठ पोटाशी आहे. तुम्ही पहिल्या प्रकरणात दोघांना एकाच बादलीत आंघोळ घातलीय दोन वर्षांची असताना! गोड आहे सीन, पण काढा. ओंकारचं कुटुंब बिल्डिंगमध्ये राहायला येऊ दे तिसरीत, मुलं आठ वर्षांची असताना. म्हणजे बालवाडी जाईल, पण दहा वर्षांची मैत्री काही कमी नाही. आणि काका तिच्या आयुष्यात येतात तेव्हा तिचे वडील जाऊन दोन वर्षं झालेली असतील, हा फायदा वेगळाच.

मराठीत ह्या ईईईची अजून एक भानगड आहे जी इंग्रजी पुस्तकं वाचून लिहिणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. आपण शेजाऱ्यांना नात्यांनी हाक मारतो. पहिल्या प्रकरणात ओंकार केतकीच्या आईला काकू म्हणतो, चौथ्यात मावशी. (हे आधी एक करा.) पण काकू म्हटलं तर केतकी त्याची चुलत बहीण, मावशी म्हटलं तर मावसबहीण, म्हणजे काहीही म्हणा, मराठी कानाला ती बहीणच लागते. आपल्याकडे बऱ्याच समाजांत मामाच्या मुलीशी लग्न चालतं, पण शेजारणीला मामी कोण म्हणतं! त्यात तुम्ही राखी ठेवलीय. केतकीला मोठा भाऊ नाही म्हणून पाचवीपर्यंत ती ओंकारला राखी बांधायची, आणि आता मैत्रिणीच्या सांगण्यावरून तुम्ही तो सीन उडवायला निघालायत.

उडवू नका! माझ्या मते तुमच्या ड्राफ्टमधली सगळ्यात खरी गोष्ट ती आहे. ज्या ज्या बिल्डिंगमध्ये मी राहिले तिथे एक तरी अशी राखी होती. लिहायचं ते हे, की ती बंद कधी झाली आणि कोणी केली. सहावीत केतकी म्हणाली का की मला आता लाज वाटते? का ओंकार त्या दिवशी मुद्दाम मामाकडे जाऊन बसला? का दोघांनाही काही माहीत नाही, फक्त त्या वर्षी दोन्ही घरी विसरायला झालं, आणि आजीच्या मात्र लक्षात आलं, आणि आजी काही बोलली नाही? मला तिसरं आवडतंय. ती आजी पुढे दोनशे पानं काही बोलणार नाही, आणि जेव्हा बोलेल तेव्हा नुसतं म्हणेल की सहावीपासून राखी नाही बांधलीस तू त्याला. बस. "अचानक आलं" म्हणणाऱ्या पहिल्या मैत्रिणीलाही ह्यातच उत्तर मिळेल, कारण मग प्रेम पान १८० वर सुरू झालेलं नसेल, वाचकाला मागे वळून ते सात वर्षांपूर्वीच्या श्रावणात दिसेल.

जाता जाता, 'एमा' ज्यांनी वाचलंय त्यांना आठवेल, जेन ऑस्टेनने डिसेंबर १८१५ मध्ये हाच प्रश्न सोडवून ठेवलाय. नाइटली हा एमाच्या घरचा जुना मित्र, तिची थोरली बहीण त्याच्या धाकट्या भावाला दिलेली, म्हणजे सोयरीकच, आणि एका नाचाच्या वेळी एमा म्हणते की आपण काही इतके बहीणभाऊ नाही आहोत की एकत्र नाचू नये, तर तो पटकन म्हणतो, मुळीच नाही. एवढ्या एका वाक्यात ईईई खलास. आणि शेवट तर अस्सल आपल्याकडचा, एमाला वडिलांना सोडून जाता येत नाही म्हणून नाइटली आपलं मोठं घर सोडून चक्क घरजावई होतो. वयातलं अंतर मात्र आजच्या वाचकाला पचत नाही, तो सोळा वर्षांनी मोठा आहे. पण घर न मोडता प्रेमाला जागा कशी करायची ते बाईंना कळत होतं.

आता "अचानक"बद्दल अजून थोडं. २०२१ मध्ये कॅनडाच्या व्हिक्टोरिया विद्यापीठातल्या डॅनू स्टिन्सन आणि सहकाऱ्यांचा एक पेपर आला होता. साधारण १९०० लोकांचा डेटा, आणि त्यातल्या दोन तृतीयांश लोकांनी सांगितलं की आमचं नातं आधी मैत्रीचं होतं. विद्यार्थ्यांमध्ये प्रेमाआधीची मैत्री सरासरी २२ महिन्यांची. म्हणजे मैत्रीतून प्रेम होतं का असा प्रश्नच नाही, ते तर सगळ्यात कॉमन आहे. पण २२ महिने आणि तुमची दहा वर्षं ह्यात फरक आहे. २२ महिन्यांच्या मित्राबद्दल अजून शोधायचं बाकी असतं. दहा वर्षांच्या मित्राने तुम्हाला उलटी करताना पाहिलेलं असतं. तिथे नवीन काय दिसणार?

लेखक इथे काय करतात तर साडी. गॅदरिंगला किंवा ताईच्या लग्नात ती साडी नेसून येते आणि त्याला "पहिल्यांदाच ती दिसते". तुम्हीही केलंय, पान १७८. माझ्या फाईलमध्ये अशा एकतीस साड्या आहेत, मी खरंच मोजल्या. साडीत चूक काही नाही, पण साडी बघून जे वाटतं ते कुणालाही वाटेल, त्याला दहा वर्षांची ओळख लागत नाही. ह्या दोघांनाच दिसेल असं काहीतरी हवं. आणि जुन्या मित्रात नवीन दिसण्यापेक्षा जुनं काहीतरी बंद पडलेलं जास्त जाणवतं.

म्हणजे कसं, उदाहरण देते. ओंकार तळमजल्यावर येतो तेव्हा कधी बेल वाजवत नाही, तडक स्वयंपाकघरात जाऊन डबा उघडतो. हे तुम्ही छान दाखवलंय. आता दोन वर्षं क्लाससाठी लातूरला राहून परत आल्यावर एक दिवस तो बेल वाजवतो. चप्पल नीट काढतो. हॉलमध्ये सोफ्यावर बसतो, पाहुण्यासारखा, आणि केतकीची आई म्हणते अरे आत ये की, आणि तो म्हणतो नको मावशी, इथे बरंय. झालं! काही घडलं नाही, पण वाचकाच्या अंगावर काटा येतो, कारण हक्काने आत जाणारा मुलगा उंबऱ्याशी अडखळला म्हणजे त्याच्या मनात काहीतरी आलंय ज्याची त्याला घरच्यांसमोर लाज वाटतेय.

किंवा हे घ्या. "कुठे चाललीस?" "ओंकारकडे." दहा वर्षं हे उत्तर पासपोर्टसारखं चाललंय, ओंकारकडे म्हटलं की पुढे प्रश्न नाही, रात्रीचे दहा वाजले तरी. आणि एका संध्याकाळी ती ओंकारलाच भेटायला निघालीय आणि आईने विचारल्यावर तोंडातून येतं, "सायलीकडे." ती स्वतःच दचकते. काही कारण नव्हतं खोटं बोलायचं. जे नाव सांगून घरातून सुटता यायचं तेच नाव आता लपवावंसं वाटलं. हा सीन पान ९० च्या आसपास टाका, आणि मग बघा कोण म्हणतंय अचानक.

भाषेचंही तेच. जुन्या मराठी कादंबऱ्यांत एक सोय होती, नायिका "तुम्ही"वरून "तू"वर आली की वाचक समजायचा. तुमच्या दोघांचं आधीपासून अरेतुरे, ए माकडा, ए भवाने. मग जवळ येणार कुठून? मला वाटतं उलट दिशेने. शिव्या कमी होतात. ए माकडा म्हणणारी मुलगी एक दिवस नुसतं ओंकार म्हणते, पूर्ण नाव, आणि दोघांनाही ते विचित्र वाटतं. व्हॉट्सॲपवर दिवसाला चाळीस मीम पाठवणारा मुलगा "जेवलीस का" असं टाईप करतो आणि डिलीट करतो. तुम्ही त्यांचे चॅट लिहिलेत ते छान आहेत, पण पहिल्या चॅटचा आणि शेवटच्या चॅटचा सूर एकच आहे. मित्रमैत्रिणी असताना जे भरभर बोलतात ते प्रेमात पडल्यावर विचार करून बोलायला लागतात, त्यांच्यातली सहजता जाते, आणि ती गेल्याचं दोघांना वाईट वाटतं. हे वाईट वाटणं लिहा. कुणी लिहीत नाही. सगळे आनंदच लिहितात.

आता कालखंडाबद्दल, कारण इथे मोठी गफलत आहे. तुमची मुलं २०२३ मध्ये अठरा. म्हणजे ऑगस्ट २०१९ च्या महापुरात चौदा, नववीत. तो पूर तुम्ही घेतलाय, उत्तम. आणि पुढचं प्रकरण थेट लातूर. अहो, २०२० कुठे गेलं? सांगलीत काय कोरोना आला नव्हता? ही मुलं २०२१ च्या दहावीची, ज्या बॅचची बोर्डाची परीक्षा झालीच नाही, ह्या मुलांना अजून त्यावरून टोमणे ऐकावे लागतात. आणि तुमच्याकडे एक बिल्डिंग आहे, एक गच्ची आहे, एक जिना आहे, दोन घरं एकमेकांत मिसळलेली आहेत, आणि लॉकडाऊन आहे. एवढं आयतं ताट समोर असताना तुम्ही उठून गेलात! मोबाईल एकच असेल घरात, ऑनलाइन शाळा दोन मुलांची, मग केतकी वर जाऊन ओंकारच्या फोनवर वर्ग करणार, एका इअरफोनच्या दोन टोकांना दोघं. मग परीक्षा रद्द झाल्याचं कळल्यावर गच्चीवर दोघांनी काय केलं? नाचले? का केतकीला रडू आलं, कारण तिने खरंच अभ्यास केला होता? दोन प्रकरणं सहज.

पुराच्या प्रकरणाबद्दल. तळमजल्यात पाणी शिरलं, खालचं कुटुंब वर राहायला गेलं, लाईट नाही, मेणबत्ती, आणि तुम्ही तिथे हात हातात दिलेत. ते काढा. एक तर चौदा वर्षांची मुलं आहेत ती, भेदरलेली, खाली घर बुडतंय, त्यांना कशाला त्यात ओढता. अठराच्या खालच्या मुलांना अशा सीनमध्ये मी कधीच जाऊ देत नाही, कुणाच्याच हस्तलिखितात. आणि दुसरं, तिथे ह्याच्यापेक्षा मोठं काहीतरी पडलंय. दोन घरांचं एक स्वयंपाकघर होतं ते दिवस. आजीचे देव क्रेटमध्ये घालून वर कोणी आणले? काकू आणि केतकीची आई एका गॅसवर सात जणांचं करताना दुसऱ्या दिवशी कशावरून खटके उडाले? पाणी उतरल्यावर भिंतींवरची ती चिखलाची रेघ. आणि माझी एक सूचना, पटली तर घ्या: केतकीच्या बाबांच्या फोटोंचा अल्बम पाण्यात जाऊ दे. आणि काकांना ते फोटो एकेक सुटे करून वर्तमानपत्रावर सावलीत वाळवू दे, दिवसभर, कुणाशी न बोलता, आणि केतकीला ते दारातून बघू दे. काही फोटो वाचतात, काही नाही. पुढे चार वर्षांनी ती ओंकारला हो म्हणायला घाबरेल तेव्हा तुम्हाला तिच्या मनातलं एक वाक्यही लिहावं लागणार नाही.

लातूर मात्र छान जमलंय. नीटच्या, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या, क्लाससाठी दोन वर्षं, मेस, रूम, दर रविवारी फोन. दुरावा लागतोच ह्या प्रकारात, कारण रोज दिसणारा माणूस बदललेला दिसत नाही. फक्त परत आलेला ओंकार "जिम केलेला, उंच, हँडसम" असं नका करू. दोन वर्षं लातूरला अभ्यास केलेला मुलगा साधारणपणे वाळून येतो, चष्मा लागतो, आणि मार्क पुरेसे पडले नसतील तर बापाच्या नजरेला नजर देत नाही. काका आणि ओंकार ह्यांच्यात जे ताणलं गेलंय ते केतकीला दोन्ही बाजूंनी कळतं, काका तिच्याजवळ बोलतात, ओंकारही तिच्याजवळच बोलतो. 'ॲन ऑफ ग्रीन गेबल्स'मध्ये, १९०८ चं पुस्तक, ॲनचा वर्गमित्र गिल्बर्ट तिच्यासाठी गावातल्या शाळेची नोकरी सोडतो, का, तर तिला वाढवणाऱ्या बहीणभावांपैकी मॅथ्यू गेल्यावर मरिलाला एकटं टाकायला नको, ॲनला घरी राहता यावं. पाच वर्षांचं वैर तिथे संपतं. फुलं नाही, कविता नाही, तिच्या घरचं ओझं थोडं हलकं केलं बस. केतकीने ओंकारसाठी आणि त्याच्या बापासाठी असं काय केलं ते शोधा.

प्रेम कबूल करण्याचा सीन दीड पानाचा आहे आणि ओंकार त्यात भाषण देतो. मित्र भाषण देत नाहीत. ती त्याला तिसऱ्या वाक्याला हसेल. मी एवढंच सांगेन की तो सीन जिन्यात हलवा आणि मधेच कुणीतरी पिण्याच्या पाण्याचा कॅन घेऊन वर जाऊ दे.

आणि मुख्य म्हणजे तुमची कादंबरी तिथे संपते. कबुली, पाऊस, समाप्त. माझ्या अनुभवात इथून पुढे साठेक पानं लागतात, कारण घरच्यांना अजून कळायचंय. तुम्ही सारांशात लिहिलंय की ओंकारच्या बाबांना व्हिलन करावं का. नको हो! काही वर्षांपूर्वी एका हस्तलिखितात मीच लेखिकेला आग्रह करून एक प्रेमळ बाप शेवटच्या भागात कठोर करायला लावला होता, म्हणजे जरा संघर्ष येईल म्हणून. पुस्तक आलं आणि एका शाळेतल्या मुलीने मला विचारलं, ताई, हे बाबा आधीच्या पानांत खोटं वागत होते का? मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून मी तो उद्योग बंद केला.

विरोध आवाज न चढवताही होतो, आणि आपल्याकडे तर बहुतेक वेळा तसाच होतो. वाटी घ्या. खालून वर, वरून खाली वाट्या जातायत तुमच्या पहिल्या प्रकरणापासून, आमटीची, खिरीची, लोणच्याची. आणि आपल्याकडे शेजारची वाटी रिकामी परत करत नाहीत, काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. दोघांचं कळल्यावर काकू काही बोलत नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी वाटी परत येते ती घासून पुसून, लखलखीत, रिकामी. केतकीची आई ती ओट्यावर ठेवते आणि बघत राहते. मराठी घरात वाढलेल्या कुठल्याही वाचकाला ह्याच्यापुढे एक शब्द सांगायची गरज नाही.

हाच धागा धरून एक अवघड गोष्ट. तुमच्या अख्ख्या ड्राफ्टमध्ये कुणालाच आडनाव नाही. मला कळतं का नाही. आपल्याकडे आडनाव लिहिलं की जात लिहिली. पण शाळेचा हजेरीपट आहे, दारावर पाटी आहे, नीटचा फॉर्म आहे, आणि वाचक पाटी शोधणारच. दोन पर्याय आहेत, एक तर दोन्ही घरं एकाच जातीतली करा, आणि मग काकूंना काय खुपतंय ते दुसरं शोधा, वडील नसलेल्या घरातली मुलगी, पैसा, मुलाचं करिअर, काहीही. नाहीतर आडनावं द्या आणि त्याला सामोरं जा. दहा वर्षं एकमेकांच्या स्वयंपाकघरात जेवलेली, पुरात एका गादीवर झोपलेली दोन घरं, आणि लग्नाचा विषय निघाल्यावर त्यातलं एक घर खाली मान घालून म्हणतं की तसं नाही हो, पण नातेवाईकांना काय सांगणार. हे मी प्रत्यक्ष पाहिलंय, एकापेक्षा जास्त वेळा, आणि म्हणणारी माणसं वाईट नव्हती. पात्रांची आडनावं लपवून हा विषय टाळता येत नाही, फक्त तुम्ही टाळलात हे दिसतं.

चिन्मयला विसरू नका. त्याच्यासाठी ओंकार म्हणजे दादा. सगळ्यात जास्त राग त्याला येईल आणि तो कारण सांगू शकणार नाही, चौदा वर्षांचा मुलगा काय सांगणार की माझा दादा तू घेतलास. तो फक्त बॅट वर नेऊन ठेवून येईल, ओंकारच्या दाराशी, कारण ती ओंकारची होती.

शेवटचा प्रश्न, शेवट लग्नाने करू का. करता येणार नाही, कायद्याने मुलाला २१ पूर्ण लागतात आणि तुमचा ओंकार अठराचा आहे! बरंच झालं. लग्न नाही म्हटल्यावर काकूंना विचार करायला तीन वर्षं आहेत, आणि तुम्हाला शेवट घरात शोधावा लागेल. मला विचाराल तर मी काकांना खाली आणेन. कॉलेजचा कुठलातरी फॉर्म, पालकाची सही, केतकीने तो आठ दिवस टेबलावर तसाच ठेवलाय कारण आता वर घेऊन जायचा धीर होत नाही. काका येतात, बेल न वाजवता, आणि पेन मागतात. नात्याच्या रकान्यात ते काय लिहितात ते तुमचं तुम्ही ठरवा.

आणि हो, शब्दसंख्या ९२,००० म्हणालात, ती खूप आहे, ६०,००० पर्यंत आणा. गोव्याची ट्रिप आख्खी काढता येईल, तिथे दोन्ही घरांतलं कुणीच नाहीये आणि बारा हजार शब्द तिथेच गेलेत. वाटीचं प्रकरण आधी लिहा आणि तेवढंच मला पाठवा, पूर्ण ड्राफ्ट नको.